तीनशेचे साडेचारशे : स्वस्त प्रोसेसर आणि ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास

#धागा

१/
२४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेल कंपनीने बाजाराच्या दोन टोकांसाठी दोन प्रोसेसर एकाच दिवशी जाहीर केले. पहिला पेंटियम २ : वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए : वेग ३०० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत १४९ डॉलर. लवकरच हौशी संगणकजुळणी करणाऱ्यांच्या लक्षात आले की मदरबोर्डवरील एक आकडा बदलला, तर दुसरा प्रोसेसर पहिल्याच्या वेगाने धावू लागतो. ५२० डॉलरचे अंतर एका आकड्यात मिटत होते. हे कसे घडले, आणि त्या दोन किमतींमधील फरक मुळात कशाचा होता, हा या धाग्याचा विषय.

२/
प्रथम मूळ संकल्पना समजून घेऊ. संगणकाच्या मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक असतो. विजेने तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या कंपनांतून ठोके निर्माण होतात. टाळांच्या ठेक्यावर दिंडीची पावले पडावीत, तसे प्रोसेसरमधील सारे व्यवहार या ठोक्यांवर चालतात. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. निर्मात्याने नेमून दिलेल्या गतीपेक्षा अधिक गतीने प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ठोका जलद झाला की काम जलद होते. परंतु एका मर्यादेपलीकडे आतील संकेत मुक्कामी पोहोचण्यापूर्वीच पुढचा ठोका पडतो. मग गणिते चुकतात आणि यंत्र गोठते.

३/
वेग हा यंत्राचा निसर्गदत्त गुण असतो, असा आपला समज असतो. इतिहास वेगळे सांगतो. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमधील ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्झसाठी प्रमाणित होता. यंत्रात मात्र तो ४.७७ मेगाहर्ट्झने चालवला गेला. कारण? अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या संकेताशी जुळणारा १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक आयबीएमने निवडला होता. त्याला तीनने भागले की ४.७७ उरतात. एकाच स्फटिकावर पडद्याचे आणि प्रोसेसरचे, दोघांचेही काम भागले. म्हणजे पर्सनल कॉम्प्युटरचा पहिला वेग सिलिकॉनच्या ताकदीने ठरला नव्हता. तो काटकसरीच्या हिशेबाने ठरला होता.

४/
पुढचा टप्पा १९८४ चा. त्या वर्षी आयबीएमने पीसी एटी आणला. त्यातील ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालत असे आणि त्यासाठी मदरबोर्डवर १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवलेला असे, कारण हा प्रोसेसर आलेल्या ठोक्यांना दोनने भागून वापरी. अनेक मालकांनी तो स्फटिक काढून त्याजागी १६ मेगाहर्ट्झचा बसवला. यंत्र ६ ऐवजी ८ मेगाहर्ट्झने धावू लागले. काही डॉलरच्या सुट्या भागात सुमारे तेहेतीस टक्के अधिक वेग! काहींनी तर १८ मेगाहर्ट्झचा स्फटिक लावून ९ मेगाहर्ट्झपर्यंत मजल मारली.

५/
आयबीएमला हे रुचले नाही. पीसी एटीच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी अंगभूत आज्ञावली, स्वतःचा वेग तपासू लागली. तो नेमलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला तर यंत्र पुढे सरकतच नसे. १९८६ मध्ये कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विक्रीस आणला. हा क्रम ध्यानात ठेवावा : ग्राहकाला फट सापडते, कंपनी त्या फटीला कुलूप लावते, आणि पुढे त्याच कुलपाआडचा माल स्वतंत्र किमतीस विकते. पुढील तीस वर्षांत हा क्रम वारंवार दिसेल.

६/
येथे एक प्रश्न उद्भवतो. सामान्य ग्राहकाला संगणकाचे पोट उघडून भाग बदलता आले, हे कशामुळे? आयबीएमने आपल्या यंत्राची तांत्रिक माहिती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती आणि बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते. स्वतःचे असे होते ते बायोस. ते कॉम्पॅक कंपनीने नक्कल न करता नव्याने लिहिले, आणि १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसेच सुसंगत बायोस इतर उत्पादकांना विकायला सुरुवात केली. १९९५ मध्ये इंटेलच्या एटीएक्स मानकाने मदरबोर्ड, पेटी आणि वीजपुरवठा यांची मापे जुळवून दिली. आता तैवानचा मदरबोर्ड आणि अमेरिकी प्रोसेसर कोणत्याही पेटीत एकत्र नांदू शकत होते.

७/
या मापांच्या एकवाक्यतेमुळेच आपल्याकडेही ‘असेम्बल्ड’ संगणकाचा बाजार उभा राहिला. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट : या गल्ल्यांत ग्राहक कागदावर यादी करून जाई आणि रॅम एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून असे भाग जमवून यंत्र जुळवून घेई. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारावर सही केली आणि २००५ पर्यंत संगणकाच्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. तोवर प्रत्येक भागाच्या किमतीत शुल्काचा वाटा होताच. म्हणून स्वस्त भागातून अधिक काम काढून घेण्याची ओढ इथे अधिकच होती.

८/
आता कारखान्यात डोकावू. प्रोसेसर सिलिकॉनच्या गोल चकतीवर शेकडोंच्या संख्येने एकदम घडवले जातात. एकाच चकतीवरचे सारे सारखे निपजत नाहीत. काही उच्च वेग सहज पेलतात, काही धापा टाकतात. प्रत्येकाची परीक्षा होते आणि त्यानुसार त्याच्यावर वेगाचा शिक्का बसतो. या प्रतवारीला ‘बिनिंग’ म्हणतात. आंब्याच्या पेट्या भरताना डझनाची प्रत ठरवतात, तसाच हा प्रकार. येथवर सारे न्याय्य आहे : उत्तम मालाला उत्तम भाव.

९/
खरी गंमत पुढे आहे. उत्पादनाची प्रक्रिया काही महिन्यांत मुरते आणि चकतीवरचे बहुसंख्य प्रोसेसर उत्तम निपजू लागतात. बाजारात मात्र महाग मालाचे ग्राहक थोडे आणि स्वस्त मालाचे पुष्कळ. अशा वेळी कंपनी काय करते? उच्च वेग पेलणाऱ्या प्रोसेसरवरही कमी वेगाचा शिक्का मारते. सगळाच माल महागाच्या प्रतीत घातला, तर महागाचा भाव टिकणार नाही. त्यामुळे त्या शिक्क्यावरचा आकडा हा काही अंशी प्रयोगशाळेचा निकाल असतो आणि काही अंशी विक्री विभागाचा निर्णय.

१०/
याचे ठळक उदाहरण म्हणजे १९९१ मधील ४८६एसएक्स. हा ४८६डीएक्सचा स्वस्त भाऊ. त्यात अपूर्णांकी गणिते करणारा विभाग नव्हता, असे ग्राहकाला सांगितले जाई. आरंभीच्या एसएक्समध्ये तो विभाग सिलिकॉनवर होता. फक्त निकामी करून ठेवलेला होता. ज्यांना नंतर त्याची गरज भासे त्यांच्यासाठी ४८७एसएक्स नावाचा ‘सहायक’ विकला जाई. तो प्रत्यक्षात पूर्ण वाढीचा ४८६डीएक्सच होता. तो खोबणीत बसताच मूळ एसएक्सला झोपवून सारे काम स्वतःच करी. एकच वस्तू दोन नावांनी आणि दोन किमतींना विकण्याची ही कला नव्वदच्या दशकाच्या आरंभीच अशी सिद्ध झाली होती.

११/
सेलेरॉनकडे वळण्यापूर्वी आणखी एक कळ समजून घ्यावी लागते. १९९२ च्या ४८६डीएक्स२ पासून इंटेलच्या प्रोसेसरचा वेग मदरबोर्डच्या वेगाहून निराळा झाला. मदरबोर्ड ३३ मेगाहर्ट्झने चाले. प्रोसेसर त्याला दोनने गुणून ६६ ने धावे. म्हणजे वेगाचे सूत्र झाले : बसचा वेग गुणिले गुणक. बस म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणारा हमरस्ता. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याच्या हाती आता दोन कळा आल्या : गुणक वाढवावा, किंवा बसचा वेग वाढवावा. मदरबोर्डवरील जम्पर, म्हणजे दोन खुंट्यांवर बसणारी प्लास्टिकची इवलीशी टोपी, इकडची तिकडे केली की वेग बदलत असे.

१२/
ही सोय लबाडांच्याही दृष्टीस पडली. नव्वदच्या दशकात काही व्यापारी स्वस्त पेंटियमवरचा शिक्का खरवडून त्यावर अधिक वेगाचा शिक्का मारीत आणि महाग दराने विकत. बिचाऱ्या ग्राहकाला पत्ताही नसे की त्याचा संगणक मर्यादेबाहेर राबतो आहे. या फसवणुकीस आळा घालण्यासाठी, असे कारण देऊन, दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने गुणक कायमचा कुलूपबंद केला. कारण खोटे नव्हते. परंतु त्याच कुलपाने हौशी माणसाची एक कळही हिरावली गेली. फसवणारा आणि हौशी, दोघे एकच क्रिया करीत. फरक एवढाच की हौशी माणूस स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या माहितीने आणि स्वतःच्या जोखमीवर ती करी.

१३/
आता सेलेरॉन. १९९७–९८ च्या सुमारास अमेरिकेत हजार डॉलरच्या आतले संगणक लोकप्रिय होऊ लागले होते. त्यांत एएमडी आणि सायरिक्स यांचे स्वस्त प्रोसेसर बसत. इंटेलचा पेंटियम २ तेथे परवडणारा नव्हता. म्हणून एप्रिल १९९८ मध्ये सेलेरॉन आला, वेग २६६ मेगाहर्ट्झ. त्यातून दुसऱ्या पातळीची कॅश पूर्णपणे काढून टाकलेली होती. कॅश म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान कोठी. कोठीच नाही म्हटल्यावर प्रोसेसरला दर वेळी दूरच्या मेमरीकडे धावावे लागे. समीक्षकांनी या पहिल्या सेलेरॉनची फार थट्टा केली.

१४/
ती टीका जिव्हारी लागली असावी, कारण चारच महिन्यांत आलेल्या ३००ए मध्ये इंटेलने १२८ किलोबाइट कॅश घातली. आणि ती थेट प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर. पेंटियम २ मध्ये कॅश ५१२ किलोबाइट होती, परंतु ती वेगळ्या चिपांमध्ये असे आणि प्रोसेसरच्या निम्म्याच वेगाने चाले. सेलेरॉनची कॅश लहान, पण पूर्ण वेगाची. त्यामुळे एक विलक्षण विसंगती निर्माण झाली : पेंटियम २ च्या मुख्य चिपेत ७५ लाख ट्रान्झिस्टर, तर त्याच्या सुमारे पाव किमतीच्या सेलेरॉनच्या चिपेत १ कोटी ९० लाख! दोघांचा गाभा एकच, घडणीचे तंत्रही ०.२५ मायक्रॉनचे, म्हणजे एकच.

१५/
आता तो एक आकडा. सेलेरॉन ३००ए चा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता आणि बस ६६ मेगाहर्ट्झची. ६६.६ गुणिले ४.५ बरोबर ३००. गुणक हलवता येत नव्हता. बस मात्र मदरबोर्डच्या हाती होती. नेमक्या त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंटेलने ४४०बीएक्स हा चिपसंच आणला होता, आणि तो १०० मेगाहर्ट्झच्या बससाठी अधिकृतपणेच बनवलेला होता. १०० गुणिले ४.५ बरोबर ४५०. इंटेलच्या एका विभागाने लावलेल्या कुलपाची किल्ली इंटेलच्याच दुसऱ्या उत्पादनात होती.

१६/
ही किल्ली फिरवणे सोपे केले ते तैवानच्या अबिट कंपनीने. तिच्या बीएच६ या मदरबोर्डवर वेगासाठी जम्पर हलवावे लागत नसत. ‘सॉफ्टमेन्यू’ नावाच्या बायोसमधील पानावर बसचा वेग आणि प्रोसेसरचा व्होल्टेज कीबोर्डवरून निवडता येत असे. ज्यांच्या मदरबोर्डमध्ये ही सोय नव्हती, त्यांनी आणखी साधा मार्ग शोधला. प्रोसेसरच्या पट्टीवरील बी२१ क्रमांकाचा संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकला, की मदरबोर्डला वाटे, आलेला पाहुणा १०० मेगाहर्ट्झच्या बसचा आहे. काहींनी त्यासाठी नेलपॉलिशही वापरले.

१७/
यात एक बारकावा होता आणि तो ठाऊक नसलेल्यांचे नुकसान झाले. साउंड कार्ड आणि हार्ड डिस्कचा नियंत्रक हे बसच्या वेगाला भागून मिळणाऱ्या ठोक्यावर चालत. त्यांचा नियत वेग ३३ मेगाहर्ट्झ. बस ६६ असेल तर भाजक दोन. बस १०० असेल तर भाजक तीन. दोन्ही वेळा उत्तर ३३. परंतु भीतीपोटी मधला ८३ चा वेग निवडला, तर भाजक दोनच राही आणि उत्तर येई ४१ च्या वर. हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याचा धोका तेथे होता. म्हणजे मोठी उडी सुरक्षित आणि अर्धी उडी धोक्याची.

१८/
उष्णतेचे गणितही पाहू. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेलेरॉनचा नियत व्होल्टेज २.० होता. वेग दीडपट केला आणि स्थैर्यासाठी व्होल्टेज २.२ केला, तर १.५ गुणिले १.२१, म्हणजे वीज आणि तिच्यामुळे होणारी उष्णता सुमारे १.८ पट. म्हणून मोठा उष्णताशोषक आणि चांगला पंखा लागे. खोलीचे तापमान हा पंख्याचा आरंभबिंदू असतो. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे जे यंत्र थंड प्रदेशात साडेचारशेवर निर्धास्त चाले, त्याला विदर्भाच्या मे महिन्यात तसे वागणे अवघड होते.

१९/
मग खर्च खरोखर किती वाचला? इतिहासात हिशेब पूर्ण मांडावा लागतो. प्रोसेसरचे ५२० डॉलर वाचले, हे खरे. परंतु ४४०बीएक्सचा मदरबोर्ड, १०० मेगाहर्ट्झ पेलणारी पीसी१०० मेमरी आणि बरा पंखा घेणे अपरिहार्य होते. त्यांची भर धरूनही मोठी रक्कम उरत असे. ती अनेकांनी थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू २ सारख्या ग्राफिक्स कार्डावर लावली, आणि खेळांमध्ये हे स्वस्त यंत्र पेंटियम २ ४५० च्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. कॅश लहान असल्याने काही कामांत ते मागे पडे. तरीही किंमत पाहता ते अंतर नगण्य होते.

२०/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. ‘प्रत्येक ३००ए साडेचारशेवर चालत असे’, ही आख्यायिका आहे. पुष्कळ चालत, सगळे चालत नसत. ज्यांचे जमले त्यांनी अभिमानाने लिहून ठेवले. ज्यांचे फसले ते बहुधा गप्प राहिले. विजयी पक्षाच्या बखरीतून लढाईचा इतिहास लिहिताना जी काळजी घेतो, तीच येथेही घ्यावी. दुसरी आख्यायिका : ‘सेलेरॉन म्हणजे नाव बदललेला पेंटियम २’. तेही खरे नाही. गाभा एक असला तरी कॅशची रचना वेगळी होती, चिप वेगळी होती. समान होती ती वेग पेलण्याची क्षमता. आणि किंमत मात्र त्या वेगाचीच लावली जात होती.

२१/
ही माहिती पसरली ती नव्या माध्यमातून. जर्मन डॉक्टर थॉमस पाब्स्ट यांनी १९९६ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ सुरू केले. १९९७ मध्ये अमेरिकेतील आनंद लाल शिंपी या चौदा वर्षांच्या मुलाने ‘आनंदटेक’ सुरू केले. छापील नियतकालिकात महिन्याने येणारी माहिती येथे तासांत येई, तीही मोजमापांसह. ‘आनंदटेक’ ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाले. या काळाची प्रमुख साधने अशा संकेतस्थळांच्या जुन्या पानांत आहेत, आणि ती पाने ताम्रपटाइतकी टिकाऊ नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

२२/
पुढचा अध्याय एएमडीचा. २००० मध्ये आलेल्या अ‍ॅथलॉन आणि ड्युरॉन प्रोसेसरांच्या पृष्ठभागावर ‘एल१’ नावाचे सूक्ष्म सेतू होते. ते तोडलेले असले की गुणक कुलूपबंद. हौशी लोकांनी साधी शिसपेन्सिल घेतली आणि ते सेतू रेघेने जोडले. पेन्सिलमधील ग्रॅफाइट वीजवाहक असते. कुलूप उघडले! शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतल्या वस्तूने हे काम होत होते. पुढच्या अ‍ॅथलॉन एक्सपीमध्ये सेतूंच्या जागी लेसरने खड्डे पाडले गेले. मग लोकांनी ते खड्डे गोंदाने बुजवून वरून वीजवाहक रंग लावला.

२३/
२०१० मध्ये पडदा पूर्ण सरकला. इंटेलने काही संगणकांसोबत ५० डॉलरचे कार्ड विकण्याचा प्रयोग केला. त्यावरचा क्रमांक भरला की पेंटियम जी६९५१ मधील बंद ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग ही सोय सुरू होई. आपण विकत घेतलेल्या सिलिकॉनच्या काही भागाला विक्रेत्यानेच टाळे ठोकले आहे, हे ग्राहकाला आता कंपनीच सांगत होती. टीका झाली आणि २०११ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. परंतु त्याच जानेवारीत आलेल्या सँडी ब्रिज पिढीत बसचा मूळ ठोका चिपसंचातच बांधला गेला. तो जरा वाढवला की सारी यंत्रणा डगमगे. सेलेरॉनची वाट बंद झाली. खुला गुणक हवा तर नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर घ्यावा : आय५-२५०० चे २०५ डॉलर, आय५-२५००के चे २१६, शिवाय त्याला साजेसा मदरबोर्ड. फट, कुलूप, विक्री : १९८६ चा क्रम पूर्ण झाला.

२४/
अधूनमधून दार किलकिले झाले. २०१४ मध्ये पेंटियम नावाच्या विसाव्या वर्षाचे निमित्त करून इंटेलने ७२ डॉलरचा, खुल्या गुणकाचा जी३२५८ आणला. २०१७ मध्ये एएमडीने रायझन आणले आणि त्या पिढीतील सर्व रायझन प्रोसेसरांचा गुणक खुला ठेवला. ३२९ डॉलरचा रायझन ७ १७०० घेऊन ४९९ डॉलरच्या १८००एक्सच्या जवळ जाता येत असे. परंतु एव्हाना दुसराच बदल झाला होता. प्रोसेसर स्वतःच आपले तापमान आणि वीज मोजून, शक्य असेल तेव्हा वेग वाढवू लागले होते. जी शिल्लक पूर्वी हौशी माणसाच्या हाती लागे, ती आता कारखान्यातूनच वापरून टाकली जात होती.

२५/
या शिल्लकीची खरी किंमत २०२४ मध्ये कळली. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसरकडून गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितला जात होता, असे कंपनीने सांगितले, ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १९९८ चा सेलेरॉन-मालक धोका पत्करत होता तो जाणूनबुजून. बिघडले तर भरपाई नाही, हे त्याला ठाऊक होते. २०२४ मध्ये ज्यांनी बायोसचे पान कधी उघडलेही नव्हते, त्यांच्याही वाट्याला अस्थिरता आली.

२६/
म्हणून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. ६६९ आणि १४९ यांतील फरक सिलिकॉनच्या गुणवत्तेचा फारच थोडा होता. बराचसा भाग बाजाराच्या विभागणीचा, आणि उरलेला हमीचा : ‘हा वेग आम्ही तपासला आहे, तो बिघडला तर जबाबदारी आमची.’ स्वस्तात वेग मिळवणाऱ्याने ती हमी नाकारून जोखीम स्वतःच्या शिरावर घेतली होती. ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा म्हणूनच फुकटेपणाचा इतिहास नव्हे. वस्तू विकत घेतल्यावर तिची पूर्ण क्षमता कोणाची, आणि ती वापरण्याची जोखीम कोणाची, या वादाचा तो इतिहास आहे. हाच वाद आज ट्रॅक्टर आणि मोबाइलच्या दुरुस्तीच्या हक्कावरूनही चालू आहे.

२७/
मित्रहो, एक विनंती. आपल्या घरी किंवा आजोळी माळ्यावर एखादा जुना असेम्बल्ड संगणक पडून असेल, तर भंगारात देण्यापूर्वी त्याची पेटी उघडून पाहा. प्रोसेसरवरचा शिक्का, मदरबोर्डचे नाव, दुकानाचे वॉरंटी स्टिकर, सोबतचे पिवळे पडलेले बिल यांची छायाचित्रे काढून ठेवा. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा आपल्या गावच्या संगणकबाजाराचा इतिहास कोणत्याही दप्तरखान्यात नीट जपलेला नाही. तो अशाच बिलांवर आणि शिक्क्यांवर लिहिलेला आहे. काही सापडले तर या धाग्याखाली अवश्य जोडा.

#धागा_समाप्त